‘ॲम्का’ची प्रगती मोजायची कशाने? संरक्षणविषयक संसदीय समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
संरक्षणविषयक संसदीय स्थायी समिती,
नवी दिल्ली.

विषय : ‘ॲम्का’ या स्वदेशी स्टेल्थ (रडारवर कमी दिसणाऱ्या) लढाऊ विमानाच्या प्रगतीचा दरवर्षी जाहीर लेखाजोखा मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

17 ऑक्टोबर 2025 रोजी ओझरच्या कारखान्यात बांधलेले पहिले तेजस मार्क-1ए विमान संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत उडाले. त्या दिवशी सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या माझ्या लहानशा मशीन शॉपमध्ये दुपारच्या चहाला दुसरा विषयच नव्हता. आमचा तरुण सीएनसी ऑपरेटर मोबाइल पुढे करून सांगत होता, की आता तेजसचे काय घेऊन बसलात, आपले ‘ॲम्का’ येते आहे आणि ते अमेरिकेच्या एफ-35 ला भारी पडणार आहे. त्यावर तीस वर्षे लेथवर काढलेले आमचे टर्नरमामा एवढेच म्हणाले, “तेजसला माझी सगळी नोकरी गेली, याला तुझी जाईल.” दोघेही आपापल्या मतावर ठाम होते आणि दोघांजवळही मताला आधार म्हणावा असा एकही कागद नव्हता. मी मध्ये पडलो नाही, कारण तो माझ्याजवळही नव्हता.

हे पत्र त्या कागदासाठी आहे. प्रगत मध्यम लढाऊ विमानाचा हा कार्यक्रम, ज्याला सगळे ‘ॲम्का’ म्हणतात, आज कोठे उभा आहे, पुढच्या वर्षी कोठे असायला हवा आणि तो तेथे पोहोचला की नाही, हे नागरिकाला ताडून पाहता येईल असे वार्षिक निवेदन आपल्या समितीने संरक्षण मंत्रालयाकडून मागावे आणि त्यातला जाहीर करण्याजोगा भाग आपल्या अहवालात छापावा, अशी माझी विनंती आहे.

माहिती मुळीच मिळत नाही, अशी माझी तक्रार नाही. सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने मार्च 2024 मध्ये सुमारे 15 हजार कोटी रुपयांच्या विकासखर्चाला मंजुरी दिली आणि त्यातून पाच नमुना विमाने बांधायची आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये बंगळूरजवळच्या येलहंका तळावर भरलेल्या ‘एरो इंडिया’ प्रदर्शनात विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती मांडण्यात आली आणि त्याच प्रदर्शनात रशियाचे सु-57 व अमेरिकेचे एफ-35 हेही आलेले असल्यामुळे छायाचित्रकारांची चंगळ झाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात संरक्षणमंत्र्यांनी या कार्यक्रमाची अंमलबजावणी कशी व्हावी याच्या आराखड्याला मान्यता दिली. विमानाची रचना करणारी बंगळूरची एअरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी उद्योगांना भागीदार करून घेईल आणि सरकारी व खाजगी कंपन्या एकेकट्या किंवा एकत्र येऊन स्पर्धेत उतरू शकतील, असे त्यात ठरले. पहिले उड्डाण 2028-29 च्या सुमारास आणि हवाई दलात प्रवेश 2035 च्या आसपास, ही उद्दिष्टेही वेळोवेळी सांगितली गेली आहेत. म्हणजे घोषणा आहेत, तारखा आहेत, प्रतिकृतीही आहे. दोन घोषणांच्या मधल्या काळात काय झाले, हे मात्र समजत नाही, आणि त्या रिकाम्या जागेत मग जो तो आपल्या मनातले विमान उडवतो.

या वादात सर्वांत जास्त घोळ कशाने होत असेल, तर एकाच नावाखाली दोन वेगळ्या विमानांविषयी बोलले जाते त्याने. मार्क-1 आणि मार्क-2 यांतला फरक नुसता सुधारित आवृत्तीचा नाही, तो इंजिनाचा आहे. पहिल्या दोन स्क्वाड्रनसाठी, म्हणजे हवाई दलाच्या दोन विमानतुकड्यांसाठी, जे मार्क-1 यायचे आहे, त्यात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची एफ-414 ही दोन इंजिने असतील. आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळण्याची सोय, लावल्यावर यातले प्रत्येक इंजिन 98 किलोन्यूटन रेटा देते. विमान सुमारे 25 टनांचे आहे. दोन इंजिनांचा मिळून रेटा 196 किलोन्यूटन, म्हणजे व्यवहारी भाषेत जवळपास 20 टन होतो. इंधन आणि शस्त्रे पूर्ण भरलेल्या 25 टनी विमानाला मागून 20 टनांचा रेटा मिळणार, हे गणित शाळकरी पोरही करील. अमेरिकेच्या एफ-22 ची दोन इंजिने मिळून सुमारे 32 टनांचा रेटा देतात, म्हणून ते विमान आफ्टरबर्नर न लावता ध्वनीपेक्षा वेगाने बराच वेळ जाऊ शकते. आपल्या विमानाच्या वर्णनातही हा गुण नेहमी सांगितला जातो. तो मार्क-1 मध्ये असेल की 110 ते 120 किलोन्यूटनच्या नव्या इंजिनाचे मार्क-2 आल्यावरच मिळेल, हा साधा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे आहे. नव्या इंजिनाची जोडी 22 ते 24 टनांच्या आसपास रेटा देईल, तेव्हा चित्र निश्चितच बदलेल. पण ते इंजिन आज अस्तित्वात नाही. फ्रान्सच्या सफ्रान कंपनीबरोबर ते घडवण्याच्या दिशेने आपण जात आहोत, असे संरक्षणमंत्र्यांनी ऑगस्ट 2025 मध्ये सांगितले. जगात कोठेही नवे लढाऊ जेट इंजिन कोऱ्या कागदापासून उड्डाणापर्यंत यायला दहा वर्षे हा कमी अवधी मानला जातो.

इंजिनाविषयी मी इतके लिहितो त्याला आपला इतिहास कारण आहे. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टने (आताच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने) घडवलेले ‘मरुत’ हे लढाऊ विमान 17 जून 1961 रोजी उडाले. ते विमान ध्वनीपेक्षा वेगाने जाण्यासाठी आखले होते, सांगाडाही त्या तोडीचा होता, पण हवे होते ते ताकदवान इंजिन मिळाले नाही. ब्रिटिश ऑर्फियस इंजिनाची आफ्टरबर्नर असलेली आवृत्ती खर्चाच्या प्रश्नावर अडली, इजिप्तमध्ये तयार होत असलेले ई-300 इंजिनही मरुतला लावून पाहिले गेले, तेही पूर्णत्वाला गेले नाही आणि अखेर कमी ताकदीच्या इंजिनावरच 147 विमाने बांधून तो अध्याय मिटला. वैमानिक आजही त्या विमानाच्या हाताळणीचे कौतुक करतात आणि त्याच दमात इंजिनाबद्दल हळहळतात. पुढे तेजससाठी ‘कावेरी’ इंजिनाचा कार्यक्रम 1989 मध्ये सुरू झाला. 81 किलोन्यूटनचे लक्ष्य गाठता न आल्याने 2008 मध्ये त्याला तेजसपासून वेगळे करावे लागले. यात कोणाची टवाळी करण्यासारखे काही नाही. टर्बाइनच्या पात्यांवरून वाहणाऱ्या वायूचे तापमान त्या पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही जास्त असते. पाते टिकते ते त्याच्या आतून खेळवलेल्या थंड हवेमुळे, वरच्या लेपामुळे आणि एकसंध स्फटिक म्हणून ओतलेल्या धातूमुळे. हे तंत्र हाती असलेले देश बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यांनी ते कोणाला सहजी दिलेले नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी टर्नरमामांच्या पंगतीत जाऊन बसल्यासारखे होईल. उसन्या इंजिनावर सुरुवात करणे ही काही नामुष्की नव्हे. चीनचे जे-20 हे 11 जानेवारी 2011 रोजी पहिल्यांदा उडाले आणि त्याची सुरुवातीची विमाने रशियन इंजिनांवरच होती; स्वतःची इंजिने त्यांनी मागाहून बसवली. तुर्कस्तानचे ‘कान’ फेब्रुवारी 2024 मध्ये उडाले ते अमेरिकी एफ-110 इंजिनांवर. दक्षिण कोरियाचे केएफ-21 जुलै 2022 मध्ये उडाले आणि त्यात तर आपण घेणार आहोत त्याच एफ-414 घराण्यातली इंजिने आहेत. कोरियाने या विमानाला एकदम पाचव्या पिढीचे, म्हणजे पूर्ण स्टेल्थ, म्हणवून घेतले नाही. पहिल्या टप्प्यात शस्त्रे पोटात न ठेवता पोटाखाली अर्धवट रुतवून लावायची, हे त्यांनी आधीच ठरवून सांगितले, त्यामुळे नंतर कोणी त्यांना ‘तुम्ही फसवले’ असे म्हणू शकले नाही. आपल्या मार्क-1 विषयी असे स्वच्छ वाक्य सरकारकडून आले, तर विमानाची प्रतिष्ठा कमी होणार नाही. पोटातल्या कप्प्यात सुमारे 1,500 किलो शस्त्रे आणि सुमारे 6,500 किलो इंधन घेऊन जाणारे, रडारवर कमी दिसणारे विमान सध्याच्या इंजिनावर मिळाले तरी आपल्या हवाई दलाला ते हवेच आहे.

आता स्टेल्थविषयी. वृत्तपत्रे याला ‘अदृश्य विमान’ म्हणतात, तेथूनच गैरसमज सुरू होतो. रडारचे गणित असे आहे, की विमानाचा रडारला जाणवणारा आकार 16 पट कमी केला तर ते दिसण्याचे अंतर फक्त निम्मे होते. एरवी 200 किलोमीटरवर दिसणारे विमान 20 किलोमीटरवर येईपर्यंत दिसू नये असे वाटत असेल, तर तो आकार दहा हजार पट कमी करावा लागतो. म्हणून विमानाची प्रत्येक कड ठरावीक कोनात वळवतात, शेपटाचे पंख तिरके करतात, हवा आत घेणारा मार्ग नागमोडी करून इंजिनाचे फिरते तोंड लपवतात आणि शस्त्रे पोटात घेतात. हेच गणित उलटेही चालते. पंखाखाली बाहेरून क्षेपणास्त्रे टांगली की हा सारा खटाटोप बऱ्याच अंशी वाया जातो. त्यामुळे ‘आमचे विमान एकूण कित्येक टन शस्त्रे नेते’ आणि ‘आमचे विमान स्टेल्थ आहे’ ही दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी असली, तरी एकाच उड्डाणाला ती एकत्र लागू होत नाहीत. शिवाय लांब तरंगलांबीच्या रडारपुढे लढाऊ विमानाच्या आकाराच्या यंत्राची ही लपवाछपवी कमी पडते आणि इंजिनाची उष्णता तर रडारच्या हिशेबातच येत नाही. हे कोणत्याही देशाच्या विमानाला लागू आहे, आपल्याला वेगळा न्याय नाही.

येथे थोडे माझ्या धंद्याविषयी सांगतो, कारण स्टेल्थ म्हणजे काय ते मला रडारच्या समीकरणापेक्षा एका स्क्रूने जास्त नीट शिकवले. काही वर्षांपूर्वी विमानाच्या बाहेरच्या झाकणपट्टीचे काम आमच्याकडे आले होते. हातभर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी, तिला चोवीस भोके आणि प्रत्येक भोकाला काउंटरसिंक, म्हणजे स्क्रूचे डोके पृष्ठभागाशी सपाट बसावे म्हणून केलेली खोलगट कड. पहिल्या लॉटमधल्या चाळीस पट्ट्यांपैकी अकरा परत आल्या. मी डायल घेऊन बसलो. बोट फिरवून काही कळत नव्हते, पण डायलचा काटा प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या भोकाशी हलत होता. स्क्रूचे डोके आठ शतांश मिलिमीटर वर राहत होते. टूल झिजत आले होते आणि ऑपरेटरने ते आणखी एक पाळी चालवले होते, एवढीच चूक. ते साधे विमान होते, स्टेल्थ नव्हते. स्टेल्थ विमानाच्या कातडीवर असे हजारो स्क्रू, शेकडो झाकणे आणि त्यांच्यामधल्या फटी असतात. प्रत्येक फट भरून तिच्यावर लेप द्यावा लागतो. पुढे दुरुस्तीसाठी झाकण उघडले की तो लेप पुन्हा द्यावा लागतो आणि तो नीट बसला की नाही हे मोजावेही लागते. येलहंक्याच्या प्रतिकृतीची छायाचित्रे पाहताना माझी नजर त्या झाकणांच्या कडांकडे गेली, पण प्रतिकृतीत त्या पाहून काही उपयोग नसतो. खरी परीक्षा दहाव्या, पन्नासाव्या विमानाची, आणि तीही चार पावसाळे धावपट्टीवर काढल्यानंतरची. म्हणून एजन्सी लेपावर काम करते आहे, यावर माझे समाधान होत नाही. तो लेप लावणारे हात, ते तपासणारी साधने आणि ते काम करू शकणारे कारखाने यांची तयारी कोठवर आली, तेही मला समितीच्या अहवालात वाचायचे आहे.

अशी माहिती मागितली की ‘हे गुपित आहे’ असे उत्तर येते आणि पुष्कळदा ते योग्यही असते. कोणत्या कोनातून विमान किती दिसते, लेपात काय मिसळले आहे, रडार कोणत्या लहरींवर चालते, हे कोणी मागू नये आणि समितीनेही छापू नये. पण पहिल्या नमुना विमानाच्या सांगाड्याची जोडणी सुरू झाली का, इंजिने हाती आली का, उड्डाण नियंत्रणाच्या संगणकप्रणालीची जमिनीवरची चाचणी ठरल्या महिन्यात झाली का, मंजूर रकमेपैकी किती खर्च झाले आणि उद्योग भागीदाराशी करार कोणत्या तारखेला झाला, या गोष्टी शत्रूला कळल्याने विमान अधिक दिसू लागत नाही. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणारे लेखापरीक्षण कार्यालय एफ-35 वर वर्षानुवर्षे जाहीर अहवाल काढत आले आहे. नव्या संगणकप्रणालीचे काम अपुरे राहिल्यामुळे जुलै 2023 पासून वर्षभर नव्या विमानांचा ताबा घेणे थांबले होते, हे जगाला माहीत आहे. 2023 मध्ये ताफ्यातली जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक विमानेच कोणत्याही वेळी कामगिरीला सज्ज असत, हेही त्यांच्याच अहवालातून बाहेर आले. तरीही ते विमान विकत घेणाऱ्या देशांची रांग तुटलेली नाही. 2001 साली कंत्राट दिलेल्या त्या विमानाला पूर्ण वेगाने उत्पादनाची परवानगी मिळायला मार्च 2024 उजाडला. ही तारीख आमच्या टर्नरमामांनी ऐकली असती, तर तेजसवरचा त्यांचा राग निदान चार आण्यांनी उतरला असता.

तेजसविषयी बोलताना आपण दोन टोकांवर का जातो, त्याचेही कारण हेच आहे. कार्यक्रम 1983 मध्ये मंजूर झाला, एजन्सी 1984 मध्ये स्थापन झाली, पहिले विमान नोव्हेंबर 1995 मध्ये लोकांसमोर आले आणि ते उडाले मात्र 4 जानेवारी 2001 रोजी. मधल्या काळात पोखरणच्या 1998 च्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, उड्डाण नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत चाललेले संयुक्त काम तुटले आणि आपल्या अभियंत्यांनी ते इकडे पूर्ण केले. ती प्रणाली पुढे इतकी विश्वासार्ह ठरली, की पहिल्या उड्डाणानंतर 23 वर्षे, मार्च 2024 पर्यंत, एकही तेजस कोसळले नाही. हे यश लोकांपर्यंत कधी नीट पोहोचलेच नाही. पोहोचले ते 2015 मधल्या कॅगच्या अहवालातले 53 उणिवांचे वाक्य, कारण तारखा आणि आकडे असलेला कागद तेवढाच होता. नोव्हेंबर 2025 मध्ये दुबईच्या हवाई प्रदर्शनात तेजस कोसळून आपल्या वैमानिकाचा मृत्यू झाला. चौकशी अधिकारी जागेवर पोहोचण्याआधी सगळे विमानच निकामी असल्याचे निकाल एका बाजूने लागले आणि दुसऱ्या बाजूने घातपाताच्या कथा रचल्या गेल्या.

पहिले उड्डाण म्हणजे विमान तयार, ही समजूतही तेजसने खोटी ठरवली आहे. पहिले उड्डाण 2001 चे, पहिली स्क्वाड्रन उभी राहिली 1 जुलै 2016 रोजी आणि लढाईसाठी पूर्ण सज्जतेची मान्यता आली फेब्रुवारी 2019 मध्ये. म्हणून ‘ॲम्का’चे पहिले उड्डाण होईल त्या दिवशी फटाके वाजावेत, मीही वाजवीन, पण त्यानंतरच्या चाचण्यांचे वेळापत्रक आजच समितीसमोर असायला हवे. पाच नमुना विमाने वर्षाकाठी किती उड्डाणे करतील, त्यांपैकी कोणते विमान शस्त्रचाचणीला आणि कोणते रडारचाचणीला दिले जाईल, एखादे विमान दुरुस्तीला गेले तर त्याच्या वाट्याची उड्डाणे कोण करील, हे ठरलेले असले तरच 2035 या सालाला अर्थ आहे. कोरियाने सहा नमुना विमाने उडवली आणि पहिल्या वर्षातच त्यांपैकी बहुतेक हवेत होती. विकासाची वर्षे रचनेत कमी आणि एकाच विमानाची वाट पाहण्यात जास्त जातात, असे मला यंत्रशाळेतल्या अनुभवावरूनही वाटते. आमच्याकडे मोजणीचे यंत्र एकच असल्यामुळे तयार जॉब दोन-दोन दिवस पडून असतात.

तेजस मार्क-1ए चा अनुभव तर अगदी ताजा आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये 83 विमानांचा सुमारे 48 हजार कोटींचा करार झाला आणि पहिले विमान मार्च 2024 पर्यंत द्यायचे होते. त्यासाठीच्या एफ-404 इंजिनांपैकी पहिले इंजिन भारताला मार्च 2025 मध्ये मिळाले. म्हणजे विमान द्यायची मुदत टळून वर्ष उलटल्यावर इंजिन आले. सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 97 विमानांसाठी 62,370 कोटींचा करार झाला. इंजिन एकाच देशातल्या एकाच कंपनीकडून येणार असेल, तर त्याची मागणी विमानाच्या कराराच्या बरोबरीने किंवा आधीच नोंदवावी लागते, हे कळायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. आमच्यासारखे लोक कच्चा माल हाती येईपर्यंत ग्राहकाला तारीख देत नाहीत. मार्क-1 ‘ॲम्का’साठी लागणाऱ्या एफ-414 इंजिनांचे काय ठरले, नमुना विमानांसाठी किती आणि उत्पादनासाठी किती इंजिने कोणत्या वर्षी मिळणार, हा समितीने विचारायचा पहिला प्रश्न असावा असे मला वाटते. हवाई दलप्रमुखांनीही मे 2025 मध्ये उद्योजकांच्या मेळाव्यात, आपल्याला आठवणारा एकही प्रकल्प वेळेत पूर्ण झालेला नाही आणि जे साध्य होणार नाही त्याचे वचन आपण देतोच कशाला, अशा अर्थाचे जाहीरपणे म्हटले होते. गणवेशातला सर्वोच्च अधिकारी हे उघड बोलू शकतो, तर मंत्रालयाने वर्षातून एकदा ते लिहून द्यायला अडचण नसावी.

घाई कशाला, असेही कोणी म्हणेल. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 निवृत्त झाले, त्या विमानांपैकी शेकडो आमच्या ओझरला बांधलेली होती. त्यांच्या जाण्याने हवाई दलाच्या लढाऊ स्क्वाड्रन 29 वर आल्या, मंजूर संख्या 42 आहे. तिकडे चीनकडे जे-20 सेवेत आहे, जे-35 त्यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये झुहाईच्या प्रदर्शनात मांडले आणि डिसेंबर 2024 मध्ये चेंगडूच्या आकाशात त्याही पुढच्या पिढीचे वाटावे असे बिनशेपटीचे विमान दिसले. जे-35 पाकिस्तानला देऊ केल्याचे पाकिस्तान सरकारने जून 2025 मध्ये सांगितले. ही निकड खरी आहे. पण तिचे निमित्त करून परदेशी स्टेल्थ विमान विकत घ्यावे की नाही, हा वाद आता पुन्हा उकरला जातो आहे आणि तो ‘ॲम्का’च्या खऱ्या प्रगतीचा आकडा हाती असल्याशिवाय सुटणारा नाही. रशियाबरोबर आपण डिसेंबर 2010 मध्ये पाचव्या पिढीच्या विमानाच्या प्राथमिक रचनेसाठी 29.5 कोटी डॉलरचा करार केला होता आणि 2018 मध्ये त्यातून बाहेर पडलो. तेव्हा आपल्याला काय मिळाले आणि काय नाही, याचा हिशेब आजवर कोणी लोकांपुढे मांडलेला नाही. त्या पैशांतून निदान धडा तरी वसूल व्हावा.

उद्योग भागीदाराविषयी थोडेसेच लिहितो, कारण त्यात माझा स्वार्थ आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. मोठी कंपनी कोणतीही निवडली गेली, तरी विमानाचे हजारो सुटे भाग आमच्यासारख्या लहान कारखान्यांतूनच येणार. एका मोठ्या ग्राहकाचे बिल माझ्याकडे एकदा चौदा महिने अडकले होते. त्या काळात मी विमानाच्या कामासाठी शिकवून तयार केलेले दोन ऑपरेटर मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात निघून गेले, आणि नवे काम आले तेव्हा पुन्हा पहिल्यापासून शिकवणी. विमानाचे काम करण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र, मोजणीचे यंत्र आणि वातानुकूलित खोली यांत माझ्यासारख्याची पुंजी आधी अडकते आणि ऑर्डर मात्र पाच-दहा नगांची येते. पुढची पाच वर्षे दरवर्षी साधारण किती नग लागतील, एवढे जरी माहीत असले, तरी बँकेपुढे उभे राहता येते. म्हणून वार्षिक निवेदनात उत्पादनाचा अंदाजही असावा, अशी माझी सूचना आहे.

आपल्या समितीकडे दरवर्षी संरक्षण मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या तपासणीसाठी येतात आणि त्यावरचे अहवाल संसदेत मांडले जातात, तेव्हा यासाठी नवा कायदा किंवा नवी यंत्रणा लागणार नाही. त्याच अहवालात ‘ॲम्का’साठी दोन पाने राखावीत. मार्क-1 आणि मार्क-2 यांचा हिशेब वेगळा असावा, इंजिनाचा त्याहून वेगळा असावा. गेल्या वर्षी सांगितलेली तारीख आणि या वर्षीची तारीख शेजारी-शेजारी छापावी आणि फरक असल्यास कारण एका ओळीत द्यावे. जो गुण मार्क-2 मध्ये यायचा आहे, तो मार्क-1 च्या नावावर लिहू नये. जे गुपित आहे तेथे ‘गोपनीय’ असे लिहावे. ती जागा कोरी सोडू नये. सुरुवात पुढच्या अधिवेशनातल्या अहवालापासूनच व्हावी, कारण नमुना विमानांचे काम चालू असतानाच घसरलेली तारीख सावरता येते, उड्डाणाच्या वर्षी नाही.

अहवाल आल्यावर त्याची प्रत मी शॉपमधल्या नोटीस बोर्डावर, रिजेक्शनच्या तक्त्याशेजारी लावणार आहे. टर्नरमामा पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. अहवाल त्याआधी आला तर बरे होईल.

कळावे,

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक,
सातपूर, नाशिक